पहिलं प्रकरण शेवटी लिही

पत्र:

ताई, मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. वय 28. तिसऱ्या प्रयत्नात सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, पास झाले, पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, कोर्सवर्कही संपलं. विषय जात्यावरच्या ओव्यांचा घेतला, कारण माझी आजी अजून ओव्या गाते. मार्गदर्शक सरांनी शीर्षकाला 'स्त्रीवादी समीक्षेच्या दृष्टिकोनातून' असं शेपूट जोडायला लावलं आणि पहिलं प्रकरण सिद्धांताचं, साठ पानांचं हवं असं सांगितलं. चार महिने तेच करतेय. इकडून एक व्याख्या उचलायची, तिकडून दोन परिच्छेद. परदेशी नावांच्या वेलांट्यासुद्धा धड येत नाहीत. गेल्या महिन्यात एका चर्चासत्रात अध्यक्ष म्हणाले की थिअरीचे, म्हणजे या साहित्य-सिद्धांतांचे, दिवस जगभर संपले, आता आपण निखळ आस्वादाकडे वळू या. टाळ्या पडल्या. माझा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो. त्यानं मोबाइलवर एका ओवीचं स्त्रीवादी विवेचन अर्ध्या मिनिटात काढून दाखवलं, आणि ते माझ्यापेक्षा बरं होतं. पण खरं वाईट दिवाळीत वाटलं. आजी गात होती आणि मला ओवी ऐकूच येईना. डोक्यात नुसतं 'पितृसत्ता, पितृसत्ता' चाललं होतं. विषय बदलू का? एखाद्या लेखकाचं समग्र वाङ्मय घेऊन मोकळी होऊ? या सिद्धांतांचा आज खरंच काही उपयोग आहे का?

उत्तर:

वयानं तू माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करतेय.

विषय बदलू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्या पत्रात तक्रारी बऱ्याच आहेत, पण मला काळजी वाटली ती एकाच गोष्टीची. आजी गात होती आणि तुला ऐकू येत नव्हतं. तिथूनच धरू. गावोगाव थोड्या वेगळ्या शब्दांत गायली जाणारी एक ओवी आहे, तुझ्या आजीलाही येत असेल:

अस्तुरी जन्मा नको घालू सख्या हरी,
रात ना दिवस परक्याची ताबेदारी.

अस्तुरी म्हणजे बाई. तुझ्या चार महिन्यांच्या पद्धतीनं याचं काय होतं, ते मी डोळे मिटून सांगते. 'प्रस्तुत ओवीतून पितृसत्ताक व्यवस्थेतील स्त्रीचे दुय्यमत्व प्रकट होते.' वाक्य खोटं नाही. पण ते लिहायला ओवी ऐकायची गरज काय होती? ओवीच्या जागी दुसरी कुठलीही ओवी ठेव, वाक्य तसंच चालेल. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असल्या वाक्यांचे कापडी बांधणीचे गठ्ठे पडलेत. त्यातला एक माझाही आहे, तेव्हा हे मी उंच जागेवरून बोलत नाहीये.

आता 'ताबेदारी' या एका शब्दापाशी थांब. हा शब्द चुलीजवळचा नाही. ताबा, ताबेदार हे शब्द अरबी-फारसीतून राज्यकारभाराच्या वाटेनं मराठीत आले. ज्याच्यावर दुसऱ्याचा हुकूम चालतो तो ताबेदार. गाणाऱ्या बाईजवळ 'सेवा' हा शब्द होता, पण सेवेत पुण्य असतं. 'चाकरी' तर हरीशी यमकातही चपखल बसली असती. पण चाकरीला काही ना काही मोबदला असतो, आणि चाकरी सोडता येते. (कुठल्या गावी 'चाकरी' म्हणतही असतील. शोध, सापडलं तर प्रबंधाची दहा पानं तिथेच निघतील.) ज्याला बाकी सगळं जग संस्कार म्हणतं, त्या लग्नाला ही बाई सरकार आणि रयतेतला शब्द लावतेय. तोही पहाटे, दळता दळता, सासू पलीकडच्या खोलीत असताना.

मग 'परक्याची'. चाळीस वर्षं त्या घरात राबल्यावरही ते घर परकंच? आणि हे सांगायचं कुणाला, तर नवऱ्याला नाही, सासूला नाही, हरीला. जनाबाई 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हणते, आणि तिच्या गोष्टीतला देव जात्याला हातही लावतो. या ओवीतला देव जात्याजवळ येत नाही. तो जन्म वाटणारा कुणी वरचा अधिकारी आहे आणि बाई त्याच्याकडे अर्ज करतेय, तोही पुढच्या जन्मापुरता. या जन्माबद्दल तिनं काही मागितलेलं नाही, हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून जरा वेळ नुसती बसले होते.

हे मला निखळ आस्वादातून कधीच दिसलं नसतं. कारण निखळ आस्वादात मी वाढलेय. आमच्या वेळी एम.ए.ला कविता एका पेपरात असायची आणि ओवी 'लोकसाहित्य' नावाच्या वेगळ्या पेपरात. ओवी म्हणताना आमचे सर डोळे मिटायचे, मग 'काय गोडवा आहे!' असं म्हणायचे आणि पुढच्या ओवीकडे वळायचे. मीही पुढची कित्येक वर्षं तशीच शिकवली. मग एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, केशवसुतांच्या कवितेखाली केशवसुतांचं नाव असतं. ओवीखाली 'पारंपरिक' का? ही ओवी तर माझी मावशी गाते, आणि त्यातली दोन कडवी तिनं स्वतः घातलीत." मला उत्तर देता आलं नाही. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंतानं 1969 साली 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात जवळपास हाच मुद्दा घेतला होता. कुठल्या मजकुराला लेखकाचं नाव चिकटतं, कुठल्याला चिकटत नाही, आणि त्या नावावाचून किंवा नावामुळे मजकुराचं काय होतं. त्या मुलीनं फुकोचं नावही ऐकलं नव्हतं. तिच्याकडे मावशी होती. फुको मी नंतर वाचला, तिच्या प्रश्नासाठी वाचला, म्हणून मला कळला. आधी नोट्स काढण्यासाठी वाचायचा प्रयत्न केला होता तेव्हा एक अक्षर डोक्यात शिरलं नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या, तो संग्रह आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गावाचं नाव आहे. जुन्या कित्येक संग्रहांत ओवी आहे, बाई नाही. या दोन पद्धतींमधला फरक छपाईचा नाही. लेखक कुणाला म्हणायचं याची समज मधल्या काळात बदलली, आणि ती समज बदलण्याचं काम ज्याला तू वैतागून 'थिअरी' म्हणतेस त्यानं केलंय. त्याच संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जातं तेच, चाल तीच. त्या ऐकताना 'सख्या हरी'च्या जागी कोण आलंय आणि त्याच्याकडे काय मागितलंय, की काही मागितलेलंच नाही, एवढंच लिहून ठेव. तुझ्या शीर्षकाच्या शेपटाला तिथे जीव येईल.

आता वेलांट्यांचं. नावं परदेशी आहेत म्हणून प्रश्नही परदेशी आहेत असं समजू नकोस. 1885 साली पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवलं, आणि फुल्यांनी यायला नकार देणारं पत्र लिहिलं. जे लोक माणसाचे हक्क इतरांना खुशीनं देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. त्या ग्रंथकारांना उद्देशून आलेला 'घालमोडे दादा' हा शब्द त्याच पत्रातला. साहित्य कोण लिहितो, कुणासाठी लिहितो, आणि ज्याचं जगणं त्यात येत नाही त्यानं टाळ्या का वाजवाव्यात, हे सगळं त्या दीड-दोन पानांत आहे. माक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंतानं 'चिकित्सक सिद्धांत' (क्रिटिकल थिअरी) हे नाव रूढ केलं ते 1937 साली. फुल्यांचं पत्र त्याच्या 52 वर्षं आधीचं. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणारे सत्कार-समारंभात भेटतात. पण होर्कहायमरपाशी पोचायला तुला पुण्यावरून सरळ रस्ता आहे.

आणि त्याहून जवळचा रस्ता बुलडाण्यावरून आहे. ताराबाई शिंदे तुझ्या शेजारच्या जिल्ह्यातल्या. 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मधलं. त्याला आपण निबंध म्हणतो, स्त्रीमुक्तीचं पहिलं पुस्तक म्हणतो, सगळं म्हणतो, फक्त समीक्षा म्हणत नाही. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांतल्या बायका कशा रंगवल्यात, याचा हिशेब त्यांनी लेखकांकडे मागितलाय. ते पुस्तक जवळपास विस्मरणात गेलं होतं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. दोन बैठकांत वाचून होतं. साठ पानं जुळवण्याआधी ते वाच, म्हणजे स्त्रीवादी दृष्टिकोन टपालानं येत नाही, हे तुला दिसेल.

अध्यक्षमहाशयांबद्दल काय बोलू? थिअरी संपली हे वाक्य मी किमान पंचवीस वर्षं ऐकतेय. ते म्हणतात त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. टेरी ईगलटन या ब्रिटिश समीक्षकानं 2003 साली 'थिअरीनंतर' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं, आणि थिअरीची ओळख इंग्रजी वाचणाऱ्या पोरांना करून देणारं भरपूर खपलेलं पुस्तक, 1983चं, तेही त्याचंच. पण त्या आधीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं केन्स या अर्थतज्ज्ञाचा दाखला दिलाय. जे म्हणतात आम्हाला सिद्धांत नको, ते कुठल्या तरी जुन्या सिद्धांताच्या पकडीत असतात, अशा अर्थाचा. निखळ आस्वाद हाही सिद्धांतच आहे. फक्त तो आपल्या घरात आजोबांपासून चालत आलाय, म्हणून तो सिद्धांत वाटत नाही, हवा वाटतो.

आपल्याकडे ती हवा किती जड होती ते 1978 नंतर कळलं. 'बलुतं' आलं, पाठोपाठ 'उपरा', 'अक्करमाशी', सगळी दलित-भटक्यांच्या जगण्याची आत्मकथनं. तेव्हा जाणत्या लोकांची तारांबळ उडालेली मी पाहिलीय. हे साहित्य की नुसता दस्तऐवज? भाषा अशी का? रचना कुठाय? त्यांच्याकडे मापं होती, आणि वाईट मापं नव्हती. कवी-समीक्षक मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींची जी मांडणी केली ती आजही कविता शिकवताना मला कामी येते. पण उपासमार आणि विटाळ सांगणाऱ्या पुस्तकातून 'आनंद' किती मिळाला हे मोजायला गेलं तर माप मोडतं किंवा पुस्तक तरी. काही काळ पुस्तकंच मोडत होती. मग शरद पाटलांनी 1988 साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर लिहिलं, शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 मध्ये दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर लिहिलं, आणि दोघांनीही भांडण मापाशीच मांडलं. लिंबाळे यांचं म्हणणं असं की आनंदाच्या जागी समता, स्वातंत्र्य, न्याय ही मूल्यं ठेवून पाहा. मला ते सगळं पटत नाही. चांगल्या हेतूचं वाईट पुस्तक त्या मापातून सहज निसटतं. पण 'आत्मचरित्र' आणि 'आत्मकथन' हे दोन शब्द आज तुझ्या वर्गातली पोरं वेगळे वापरतात, एक व्यक्तीचा प्रवास, दुसरं त्या व्यक्तीतून बोलणाऱ्या समूहाचं जगणं, हा फरक त्याच भांडणातून आलाय. तू तो फळ्यावर लिहितेस तेव्हा थिअरीच शिकवत असतेस.

तरी अध्यक्षांच्या बाजूनं एक गोष्ट मीच बोलते, ते बोलले नाहीत म्हणून. ब्रूनो लातूर (आडनाव लातूर, माणूस फ्रेंच) यांनी 2004 मध्ये एक अस्वस्थ करणारा लेख लिहिला. आयुष्यभर आपण शिकवलं की सत्य घडवलेलं असतं, त्यामागे कुणाचे तरी हितसंबंध असतात. आता हवामानबदल नाकारणारी मंडळी आपलंच हत्यार उचलून तेच म्हणतायत. मग करायचं काय? हे वाचल्यावर मला माझा घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवला. तिथे कुणी फुको वाचलेला नाही, पण 'हे सगळं मुद्दाम पसरवलंय, यामागे कोण आहे ते बघा' हे वाक्य रोज सकाळी येतं. नुसता संशय घेता येणं ही आता फारशी विद्या राहिलेली नाही. तुझ्या डोक्यातली 'पितृसत्ता, पितृसत्ता' ही माळ त्यातलीच आहे. संशयानं तुला ओवीच्या दारापर्यंत आणलं आणि दारातच उभं केलं. रीटा फेल्स्की या समीक्षक बाईंनी 2015 साली याच आजारावर पुस्तक लिहिलं. पकडायला आलेल्या पोलिसासारखं प्रत्येक वेळी वाचलंच पाहिजे का, अशा धर्तीची त्यांची तक्रार आहे. तुला मार्गदर्शकांशी वाद घालायचाच असेल तर फेल्स्कींचं नाव सांग. पण घालू नकोस, त्याचं पुढे सांगते.

भावाचं थोडक्यात. त्यानं दाखवलेलं विवेचन तुझ्यापेक्षा बरं होतं हे मी मान्य करते, कारण तूही चार महिने तेच काम करत होतीस. इकडचं-तिकडचं वाचून त्याचं सरासरी वाक्य तयार करणं. त्या कामात यंत्र तुला हरवणारच, त्याला झोप लागत नाही. पण त्या यंत्राला विचार, ही ओवी कुणाची, बाई कुठे थांबली, कुठल्या शब्दाला तिचा आवाज खाली गेला, आणि नात आत आल्यावर तिनं कडवं बदललं का. बरेच जण जे म्हणतात ते यंत्र छान सांगतं. बरेच जण जे म्हणतात ते तसंच का म्हणतात, हे विचारायची सवय तुला लागली तर भाऊ मोबाइल खिशात ठेवेल. निदान जेवताना तरी.

आता कामाचं.

शीर्षकाचं शेपूट राहू दे. आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, शीर्षक बदलायला गेलीस तर सहा महिने जातील आणि सरांचा अहंकार दुखावेल तो वेगळा. शेपूट वाईट नाही, ते कुत्र्याला हलवायला लागलं ही अडचण आहे. साठ पानांचं प्रकरण आहे तिथे थांबव आणि सरांना सांग, "दुसऱ्या प्रकरणाचं साहित्य आजारी पडायच्या वयाचं आहे, आधी ते गोळा करते." हे खरंही आहे. मग आजीच्या वीस ओव्या घे. वीसच. प्रत्येक ओवी आधी तीनदा नुसती ऐक, हातात पेन न धरता. रडू आलं तर येऊ दे, पीएच.डी.त त्याला मनाई नाही. चौथ्यांदा ऐकताना एकच गोष्ट लिही. कुठला शब्द तिथे नसायला हवा होता असं वाटतं? 'ताबेदारी'सारखा. वीस ओव्यांतून असे सात-आठ शब्द निघतील, आणि त्यातल्या तीन-चारांचा तुला उलगडा होणार नाही. त्या न उलगडलेल्या तीन-चार जागांसाठी सिद्धांतवाले शोध. तेव्हा तुला कळेल की कोण हवंय आणि कोण नको. कदाचित फुको लागणारच नाही. कदाचित पारशी नाटकांवरचा कुणाचा लेख लागेल, कुणी सांगावं. लागेल तो माणूस मात्र पुरा वाच, बाजारातल्या गाईडातून नको. दोन लेखक पुरे वाचलेले हे बारा लेखकांच्या व्याख्यांपेक्षा व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, जास्त उपयोगी पडतात, हे मी परीक्षक म्हणून टेबलाच्या पलीकडे बसून सांगतेय.

मग शेवटी पहिलं प्रकरण लिही. ते पंचवीस पानांचं होईल. सर कुरकुरतील, सही करतील.

एका लेखकाचं समग्र वाङ्मय घेऊन मोकळी होण्याबद्दल विचारलंस. होशील, नक्की होशील. पण समग्र म्हणजे काय, ते कुणी छापलं, त्यात लेखकाची पत्रं घेतली आणि त्याच्या बायकोची का नाही घेतली, हे प्रश्न तिथेही वाट बघत बसलेत. तुझ्या स्वभावाकडे बघता तू ते विचारल्याशिवाय राहणार नाहीस.

कायम नोकरीचं मात्र मी काही बोलणार नाही. सिद्धांत घेतला काय किंवा न घेतला काय, जागा निघत नाहीत त्या निघत नाहीत. तासिकांचे पैसे वेळेवर येत नसतील तर प्रबंधासाठी उसनवारी करू नकोस, एवढंच. आजीकडे एसटीनं जाता येतं.

संक्रांतीच्या आसपास जा. घरात जातं अजून असेल तर बाहेर काढ. आजी दळणार नाही, पण खुंट्याला हात लागला की चाल बदलते, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेव, भावाला मोबाइल धरायला बसव, आणि सुरुवातीलाच आजीला तिचं पूर्ण नाव आणि गाव तिच्या तोंडून सांगायला लाव. माहेरचं आणि सासरचं दोन्ही. 'ताबेदारी' हा शब्द तिनं पहिल्यांदा कुणाकडून ऐकला, तेही विचार. काय म्हणाली ते मला कळव.